हेल्मेटसदृश

सातव्या खोक्यात चोवीस पिशव्या होत्या. एका पिशवीत एक हेल्मेट, कोपरांची दोन पॅड, गुडघ्यांची दोन आणि मनगटांची दोन, म्हणजे सात नग. चोवीस पिशव्यांचे एकशे अडुसष्ट. कागदपत्रांवरही एवढाच आकडा होता. पण नमुन्यासाठी मी जी पिशवी फोडली तिच्यात आठ वस्तू निघाल्या. आठवी वस्तू म्हणजे एक कागद. हेल्मेटच्या आतलं काळं कापडी अस्तर एका कडेला सुटलं होतं, तिथे बोट घातल्यावर तो हाताला लागला. आगपेटीएवढा, चार घड्यांचा. उलगडला तर त्यावर अकरा भाषांत बहुधा एकच मजकूर होता. अकरापैकी मला एकच भाषा येत होती. इशारा. हे खेळणं आहे. याने संरक्षण मिळत नाही.

सहार विमानतळाच्या कार्गो शेडमध्ये दुपारी नव्या प्लास्टिकचा एक गोडसर वास कोंडलेला असतो, तो थोड्या वेळाने जिभेवर जाणवायला लागतो. मी कागद हातात धरून उभी होते आणि मला तो वास एकदम घरचा वाटला. का वाटला ते कळायला दोन-तीन सेकंद लागले. "काय गो, काय मिळालां?" सर्वेशने विचारलं. सर्वेश आमच्या ऑफिसचा शेडमधला माणूस. माल उघडायचा, अधिकाऱ्यांना दाखवायचा, परत बांधायचा, हे त्याचं काम, आणि मालवणी तो फक्त वैतागला किंवा खूश झाला की बोलतो. मी म्हटलं, "कागद आहे. हे खेळणं आहे म्हणतोय." "कागद म्हणता? म्हणू दे. कागदाक काय जाता म्हणूक!" त्याने खोक्याची पट्टी दाताने तोडली. "ठेव तो परत होता थंय. नको तां काढू नको, श्रुतिका. तीन वेळा गेलोसा ह्यो माल." मी कागद परत ठेवला नाही. तपासणीच्या अधिकाऱ्यांनी तो चष्मा कपाळावर सरकवून वाचला, पुन्हा पहिल्याच घड्यांवर दुमडला, आणि नमुन्याच्या हेल्मेटसकट एका पारदर्शक पिशवीत घालून ती सील केली. वर त्यांची सही, खाली सर्वेशची. "तुमचं म्हणणं सोमवारी लेखी द्या," ते म्हणाले. पिशवी माझ्याकडे आली. त्यातलं हेल्मेट आता कोणीही उघडायचं नव्हतं, कापायचं तर नव्हतंच. ते फक्त बाहेरून बघायचं होतं. निळं, कडेला पिवळी रेघ, वर अकरा फटी. अगदी असंच, याच निळ्या रंगाचं हेल्मेट आमच्या नाहूरच्या घरी चपलांच्या कपाटावर उलटं ठेवलेलं असतं, आणि त्यात माझ्या भाचीचे केसांचे रबर आणि एक अर्धी खाल्लेली चिक्की असते.

परदेशातून येणाऱ्या प्रत्येक वस्तूला सरकारी यादीत एक जागा असते. ती कुठली, हे कारणांसह एका पानात लिहून देणं हे माझं काम. फिजिक्समध्ये एम.एस्सी. झाल्यावर मी कस्टम्स ब्रोकरच्या, म्हणजे आयातीचा माल सोडवून देणाऱ्यांच्या, ऑफिसात कशी काय, असं लोक विचारतात. ऑफिसच्या विद्याधर सरांना मोजून लिहिणारं माणूस हवं होतं, आणि मला मोजायला आवडतं. त्या यादीत खेळणी एका ठिकाणी आहेत, खेळाचं साहित्य दुसऱ्या, आणि डोकं वाचवणाऱ्या टोप्या अगदी तिसऱ्याच प्रकरणात, साध्या टोप्यांच्या शेजारी. खेळणं ठरलं तर त्यावर आपल्याकडच्या तपासणीचा शिक्का असावाच लागतो. या मालावर तो नव्हता. म्हणजे खेळणं ठरलं तर माल परत जाणार किंवा नष्ट होणार; संरक्षणाचं साहित्य ठरलं तर दोन दिवसांत दुकानांत जाणार. हाच माल याच पार्टीने (आमच्याकडे आयात करणाऱ्याला पार्टीच म्हणतात) दीड वर्षात तीन वेळा आणला होता, आणि तिन्ही वेळा तो संरक्षणाचं साहित्य म्हणून सुटला होता. पहिल्या वेळचं पान मी लिहिलं होतं. पुढच्या दोन वेळा माझंच पान तारीख बदलून पुन्हा छापलं गेलं. ऑफिसात परत आल्यावर मी ते फाइलमधून काढून वाचलं. आतला घेर बावन्न सेंटिमीटर, चकतीने कमीजास्त होणारा. पट्टा बावीस सेंटिमीटर, बक्कल दाबाचं. वजन दोनशे बारा ग्रॅम. फटी अकरा. अस्तर फोमचं, दाबल्यावर पूर्ववत होतं. मला ते दाबणं आठवलं. हेल्मेट उलटं धरून आत हात घातला की अंगठा आपोआप माथ्याच्या जागी जातो. तिथे मी दोनदा दाबलं होतं, आणि काहीतरी घट्ट, समाधानकारक हाताला लागलं होतं. बाकी कुठे दाबलं का ते आठवत नव्हतं. जाडी लिहिली नव्हती. जाडीला त्या छापील नमुन्यात रकाना नव्हता, आणि रकाना नसलेली गोष्ट मी लिहिली नव्हती. तो माल सुटल्यावर नमुना परत आला तेव्हा सरांनी तो टेबलावरून माझ्याकडे सरकवला होता. "तुझ्या भाचीला होईल ना गं? घेऊन जा, इथे धूळ खाईल." मी घेऊन गेले. इरावती तेव्हा साडेपाच वर्षांची होती. मी तिच्या हनुवटीखाली बक्कल लावलं, टपली मारली आणि म्हटलं, आता तुला काही होणार नाही. हे वाक्य मी कुठल्या आधारावर म्हटलं होतं?

त्या गुरुवारी संध्याकाळी घरी आल्यावर मी बॅग न ठेवताच हेल्मेट उचललं. रबर आणि चिक्की बाजूला काढली आणि अस्तराच्या कडेने बोट फिरवलं. अस्तर सगळीकडून चिकटवलेलं होतं. कागद नव्हता. मला आधी सुटल्यासारखं झालं आणि मग ते सुटल्यासारखं होणं चुकीचं वाटायला लागलं. कागद नाही म्हणजे काय? पहिल्या वेळचा माल खरा होता आणि नंतर कारखान्याने तो बदलला? की माल पहिल्यापासून हाच, आणि कागद घालायची अक्कल त्यांना नंतर आली? की कागद होता, आणि इराने तो दीड वर्षात कधीतरी काढून त्याची होडी केली? तिला विचारलं तर ती म्हणाली, "कागद नव्हता आत्या. चिक्की होती." मग ती जमिनीवर बसून स्केट्सची चाकं फिरवायला लागली. "आत्या, रविवारी उतार आहे, माहितीये ना? पार्किंगचा! वरून खालपर्यंत. आकाश सर म्हणाले, ज्याला भीती वाटते त्याने घरी बसा." आकाश सर म्हणजे आमच्या सोसायटीत रविवारी स्केटिंग शिकवतो तो मुलगा. पोडियमवरून तळातल्या पार्किंगमध्ये जाणारा उतार मी रोज चालत उतरते. गाड्यांना पकड मिळावी म्हणून त्यावर आडव्या खाचा केल्या आहेत. "तुला वाटते का भीती?" मी विचारलं. तिने माझ्याकडे मोठ्या माणसांकडे बघावं तसं बघितलं. "हेल्मेट आहे ना माझ्याकडे."

शुक्रवारी विद्याधर सरांसमोर सीलबंद पिशवी होती. सर चाळीस वर्षं या धंद्यात आहेत. बोलताना ते वस्तूकडे बघत नाहीत, तिच्या कागदांकडे बघतात. "हे बघ श्रुतिका, अंतिम प्रश्न एकच. वस्तू समोर आली तेव्हा ती काय आहे? कोण वापरणार, कसं वापरणार, ते नाही. समोर काय आहे." मी म्हटलं, "सर, समोर हेल्मेट आहे आणि आत कागद आहे, तो म्हणतो की हे हेल्मेट नाही." "कागद हा माल नव्हे. उद्या पेरूच्या खोक्यात कोणी आंबा असं लिहून टाकलं, तर तू आंबा लिहिशील?" "पण पेरू चाखता येतो सर. हे कापल्याशिवाय कसं कळणार?" "कापायचं नाही. सील आहे." "हो. म्हणून तर विचारतेय." त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. ते वाईट माणूस नाहीत. त्यांना हे पान हवं तसं लिहून हवं होतं असंही नाही. त्यांना ते सोमवारी सकाळी अकरापर्यंत हवं होतं. "अगं, तीन वेळा तुझ्याच पानावर गेलाय हा. आता तू खेळणं लिहिलंस तर साहेब विचारतील, वस्तू बदलली की बाई बदलली? काय सांगशील?" मी पिशवी माझ्याकडे ओढली. "मनात गोंधळ असेल तर हेल्मेटसदृश लिही आणि खाली दोन्ही बाजू मांड. ठरवू दे त्यांना. ते त्यासाठीच बसलेत." हेल्मेटसदृश. हा शब्द मला दिवसभर सुटेना. हेल्मेटसारखं दिसणारं. पण सगळी हेल्मेटं हेल्मेटसारखीच दिसतात. जे दिसतं त्यावरून लिहायचं, तर या शब्दात न बसणारं एकही हेल्मेट जगात नाही. आणि ज्या कारणासाठी आपण ते डोक्यावर घालतो ते कारण अजिबात दिसत नाही.

मी त्या संध्याकाळी दादाला, इराच्या बाबांना, काहीच सांगितलं नाही. सांगायला वाक्य तयार होत नव्हतं. इराचं हेल्मेट खोटं आहे, असं म्हणता येत नव्हतं. खरं आहे, असंही नाही. घालू नको, असं म्हणावं तर रविवारी ती उतारावरून बोडक्याने जाईल किंवा घरी बसेल. नवं आणावं, तर त्याच्या आत काय आहे ते मला कशावरून कळणार? मुलुंडच्या एका दुकानात जाऊन मी खरोखर सात हेल्मेटं उलटी करून बघितली. सातही आतून काळी, मऊ, निरागस. दोहोंवर आमच्या पार्टीचं लेबल होतं. दुकानदार म्हणाला, "ताई, सगळी सेम आहेत, कलर बोला." मी एकाच्या माथ्यावर अंगठा दाबला, आणि दुकानातल्या सगळ्यांसमोर काहीतरी लाजिरवाणं केल्यासारखा तो पटकन काढून घेतला.

शनिवारी मी बोरीवलीला आईकडे गेले. कॉलेजातला जाडी मोजायचा व्हर्नियर कॅलिपर तिथे माझ्या जुन्या पेटीत होता. अंधेरीमार्गे लोकलने सरळ जाता आलं असतं, पण मी आरे कॉलनीतून जाणाऱ्या बसमध्ये बसले. का बसले ते सांगता येणार नाही, बहुधा उशीर करायचा होता. बस झाडांत शिरली तसा हवेतला धुराचा वास कमी झाला आणि शेणाचा सुरू झाला. मी खिडकीतून दिसेल ते यादीत लावत होते. ड्रायव्हरच्या समोर प्लास्टिकच्या आंब्याच्या पानांचं तोरण: तोरण, की तोरणसदृश? शहाळी विकणाऱ्याच्या डोक्यावर बांधकामावरची पिवळी टोपी: संरक्षण, की ऊन? चौथीत असताना आमची सहल याच बाजूच्या कुठल्याशा तबेल्यात आली होती. तिथे एका म्हशीसमोर पारडू उभं होतं आणि म्हैस त्याला चाटत होती आणि गवळी खाली बसून धार काढत होता. पारडू हलत नव्हतं. बाई म्हणाल्या, ते मेलेलं आहे, कातड्यात पेंढा भरलाय, म्हशीला पान्हा फुटावा म्हणून. मुली किंचाळल्या. मी मात्र म्हशीच्या जिभेकडे बघत राहिले. पारडू खोटं होतं. दूध खरं होतं, आम्हाला ते पेल्यातून प्यायलाही दिलं. ती म्हैस फसली होती, की तिला सगळं माहीत होतं आणि तिच्या शरीराला माहीत नव्हतं? आणि त्या पारड्याला, समजा ते जहाजातून आलं असतं, तर मी कुठल्या प्रकरणात घातलं असतं?

याच्याच शेजारी मनात आणखी एक गोष्ट कित्येक वर्षं पडून आहे. मी सहा वर्षांची होते, दादा तेरा. आई ऑफिसला गेली होती. मला खूप गरम वाटत होतं आणि भिंत जवळ येऊन लांब जात होती. दादाने माझ्या डॉक्टर-डॉक्टरच्या खेळातला प्लास्टिकचा थर्मामीटर माझ्या काखेत लावला, एक मिनिट मोजलं आणि काढून मला दाखवला. त्यावर पारा रंगवलेला होता, कायमचा अठ्ठ्याण्णव पॉइंट चारवर. "बघ. ताप नाहीये तुला." आणि मला खरोखर बरं वाटलं होतं. भिंत जागेवर थांबली. मी झोपले. दादा क्रिकेट खेळायला गेला. संध्याकाळी आई आली तेव्हा मला एकशे चार होता, मलेरिया निघाला. या गोष्टीवरून मी दादावर कधी रागावले नाही, पण मी ती कधी विसरलेही नाही. त्याला माहीत होतं का, एवढंच मला विचारायचं होतं आणि ते कधी जमलं नाही. पेटी उघडताना मी आईला सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "आई, तो खेळातला थर्मामीटर आठवतो? दादाने मला लावला होता तो." आई मटार सोलत होती. सुहासिनीबाई म्हणून जिने तीस वर्षं टपाल खात्यात लोकांच्या चुका शोधल्या, ती मटारातही किडका दाणा सोडत नाही. "त्याने नाही गं, मी सांगितलं होतं लावायला," ती म्हणाली. "खरा बघितला की तू किंचाळायचीस, ती काच मोडेल म्हणून. मी देवदत्तला म्हटलं, ती उठली की खेळातला लाव आणि ताप नाही म्हण, म्हणजे पडून राहील. औषध मी सकाळीच पाजून गेले होते ना तुला." मी पेटीचं झाकण धरून उभी राहिले. "औषध दिलं होतंस?" "मग? तशीच टाकून गेले असते का?" मला औषध आठवत नव्हतं. वीस वर्षं मी ज्या थर्मामीटरला खोटं समजत होते त्याच्या मागे एक खरा चमचा होता, निदान आई म्हणत होती म्हणून होता. बरं कशाने वाटलं होतं मग? व्हर्नियर फडक्यात गुंडाळलेला सापडला. त्याचे जबडे मिटून शून्य जुळतं का ते बघितलं. जुळत होतं. त्या दिवसांत एवढी एकच गोष्ट जुळली.

परतताना मी तिकिटाच्या मागे हिशेब केला. स्केट्सवर उभ्या असलेल्या सात वर्षांच्या मुलीचं डोकं जमिनीपासून साधारण एक मीटर दहा सेंटिमीटर. ते पडताना वेग घेतं आणि जमिनीवर थांबतं. किती झटका बसतो हे शेवटच्या अंतरावर ठरतं, डोकं किती अंतरात थांबलं त्यावर. उंचीला त्या अंतराने भागायचं. उत्तर येतं ते स्वतःच्या वजनाच्या किती पट. मधलं भरण पूर्ण दबून दोन सेंटिमीटर मिळाले तर पंचावन्न पट. एक सेंटिमीटर मिळाला तर एकशे दहा. पाच मिलिमीटर, दोनशे वीस. खरं भरण एवढं पूर्ण दबत नाही, म्हणजे प्रत्यक्षात आकडे याहून वाईट. हे गणित अकरावीचं आहे. दीड वर्षापूर्वी मला ते येत होतं. रंग, पट्टा, बक्कल, फटी, वजन, यातलं काहीही त्यात लागत नाही. लागते फक्त जाडी. आणि जाडी मोजायची तर अस्तर कापून, भरण सोडवून बघावं लागणार; बघितल्यावर ते हेल्मेट कोणाच्याच डोक्यावर चालणार नाही. सीलबंद पिशवीतल्या हेल्मेटला हात लावता येत नव्हता आणि लावता आला असता तरी ते इराच्या हेल्मेटबद्दल काहीच सांगणार नव्हतं. ते वेगळ्या वेळी आलेलं होतं. इराच्या डोक्यावर काय आहे हे फक्त इराच्या डोक्यावरचं सांगू शकत होतं.

रविवारी सकाळी साडेसातला मी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, त्यावर हेल्मेट उलटं ठेवलं, शेजारी कटर आणि व्हर्नियर. वर्ग नऊला होता. दीप्तीवहिनी इराचा डबा भरत होती, ती थांबली. "हे काय चाललंय?" मी सांगितलं. तीन दिवसांत जे वाक्य तयार होत नव्हतं ते तसंच अर्धंमुर्धं सांगितलं: कागद सापडला, याच्यात नाही सापडला, मला माहीत नाही, कापल्याशिवाय कळणार नाही. दादा दाढी करता करता बाहेर आला, एका गालावर फेस. "तू वेडी आहेस का गं? तीन वर्षांची पोरं घालतात यार ही हेल्मेटं!" "म्हणूनच." "अगं, चांगलं असेल तर? चांगलं हेल्मेट कापून ठेवलंस तर पोर आज काय घालणार? आठवडाभर उतार उतार करून डोकं खाल्लंय तिने माझं." मी म्हटलं, "चांगलं असेल तर तिला दुसरं आणून देईन." "आणि ते चांगलं आहे की नाही ते कसं कळणार तुला? ते पण कापणार?" मी कटर उचललं. वहिनीने डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाली, "काप श्रुतिका. मला आता त्याच्याकडे बघून झोप लागणार नाहीये." दादा म्हणाला, "आत्ता सकाळ आहे." वहिनी म्हणाली, "मग जा, दाढी कर." इरावती स्केट्स घालून, भिंत धरत धरत टेबलापाशी आली होती. मला वाटलं ती रडेल. तिने नाक टेबलाच्या कडेला टेकवलं. "त्याच्या आत काय असतं आत्या?" "तेच बघायचंय." "मग काप ना."

अस्तर सहज सुटलं. गोंदाचा चर्र आवाज झाला आणि तोच गोडसर वास आला. माथ्यावर कापडाखाली थर्माकोलसारखी पांढरी, घट्ट, तळहाताएवढी चकती होती. मी तिचा एक तुकडा कापून काढला, जबड्यांमध्ये हलकाच धरला, दाबणार नाही इतपत. एकवीस पॉइंट सहा मिलिमीटर. पुन्हा मोजलं. एकवीस पॉइंट सहा. मी व्हर्नियर खाली ठेवला. "किती?" दादाने विचारलं. मी सांगितलं. "म्हणजे चांगलं?" "दोन सेंटिमीटरच्या वर आहे." "म्हणजे चांगलं!" तो हसला, गालावरचा फेस वाळून पापुद्रा झाला होता. "झालं समाधान? चांगल्या हेल्मेटची वाट लावलीस. इरे, बघ तुझ्या आत्याने काय केलं." मी पण हसले असणार. सोमवारच्या पानाचं पहिलं वाक्य मला दिसायला लागलं होतं: वस्तूच्या आत आघात शोषणारं भरण आहे. पहिलं पान बरोबर होतं. तीन वेळा बरोबर होतं. मग कारखान्याने तो कागद का घातला, हा प्रश्न उरत होता, पण तो त्यांचा प्रश्न होता. किंवा कागद चुकून दुसऱ्या मालातला आला असेल. किंवा कायद्याची भीती. लोक भीतीपोटी काय वाटेल ते छापतात. इराने चकतीचा तुकडा उचलून स्वतःच्या डोक्यावर मधोमध ठेवला आणि आरशात बघायला वळली. वळताना तिचे स्केट्स पुढे सटकले आणि ती भिंतीचा आधार सुटून धपकन खाली बसली, डोकं सोफ्याच्या गादीवर आपटलं. वहिनी धावली. "लागलं?" "नाही," इरा म्हणाली. तिला खरंच लागलं नव्हतं. ती छताकडे बघत पडून राहिली होती. "मी नेहमी मागेच पडते. आकाश सर म्हणतात, पुढे वाक, पुढे वाक. पण मी मागेच पडते."

दादा तिला उचलत होता. मी हेल्मेट हातात घेऊन फिरवलं. मागची बाजू, डोक्याचा जो भाग सोफ्यावर आपटला तो जिथे येतो ती. तिथलं अस्तर मी अजून सोडवलं नव्हतं. कटर कडेला लावून ओढलं. खाली पांढरं काही नव्हतं. राखाडी स्पंजची एक पट्टी होती आणि तिच्यामागे लगेच निळं प्लास्टिक, उजेडाकडे धरल्यावर किंचित आरपार. पट्टी सोडवली. तिच्या जागेवर पेनने खूण केली, म्हणजे पुन्हा मोजताना तीच जागा येईल. जबडे उघडले, पट्टी मधे धरली, स्पंजला फक्त स्पर्श होईल इतपत मिटले, स्क्रू आवळला आणि खिडकीपाशी जाऊन वाचलं. मग स्क्रू सैल करून पुन्हा, आणि आणखी तीन वेळा. वहिनी मागे उभी होती. खालून आकाश सरांची शिट्टी ऐकू आली, पोरं जमायला लागली होती. मी आकडे वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर एकाखाली एक लिहिले, बेरीज केली, पाचाने भागलं.

३.२, ३.०, ३.१, ३.१, ३.१. सरासरी ३.१ मिलिमीटर.